सोयाबीन निंघालंच नाही: कृषी केंद्राच्या पायरीवरचं एक प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा-दिग्रस पट्ट्यातल्या एका बाजारगावात माझं कृषी सेवा केंद्र आहे. दुकान वडिलांनी टाकलं, गल्ल्यावर बसायला मला अठरा वर्षं झाली. नवीन परवाना काढलेली पोरं कधीमधी विचारतात, भांडखोर गिऱ्हाईक आलं तर काय करायचं? मी त्यांना हेच एक प्रकरण सांगतो. यात भांडखोर गिऱ्हाईक आहे, तीनचार मूर्ख आहेत, आणि त्या मुर्खांत पहिला नंबर माझा आहे. गावाचं, माणसांचं, बियाण्याच्या कंपनीचं नाव देत नाही.

साल 2023. बिपरजॉय वादळानं मान्सूनचं गाडं अडवून धरलं आणि विदर्भात पाऊस पोचायला 23 जून उजाडला. मृग कोरडा गेला. आर्द्रा लागल्यावर सरी आल्या, त्याही कुठं आहेत कुठं नाहीत. दुकानात दिवसभर एकच प्रश्न, "पेरू का?" 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं दरसाल सांगतं. मीही तेच सांगतो. पण धुऱ्यापलीकडं, म्हणजे बांधापलीकडं, शेजाऱ्याचा ट्रॅक्टर फिरायला लागला की मिलिमीटर कोण मोजतो!

गिऱ्हाईक म्हणजे बाप-लेक, पाच एकराचे कास्तकार. बाप साठी ओलांडलेला. खातं माझ्या वडिलांच्या वेळचं, म्हणून मी त्यांना काकाजी म्हणतो आणि ते मला अरेतुरे करतात. पोरगा तिशीचा, मोबाइलवर शेतीचे व्हिडिओ पाहणारा, मला दादा म्हणणारा. 25 जूनला दोघं आले. सोयाबीन जेएस 335 च्या 30 किलोच्या पाच बॅगा नेल्या, 3,300 रुपयांची एक. हे वाण 1994 चं, जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचं. किती नवी वाणं आली, तरी आमच्याकडचे जुने लोक याच्यावरून हलत नाहीत. बियाणं खाजगी कंपनीचं, हिरव्या लेबलचं, म्हणजे सत्यप्रत: सरकारी प्रमाणपत्र नाही, दर्जाची जबाबदारी कंपनीच घेते. सोबत डीएपी खताच्या पाच बॅगा, 1,350 प्रमाणे. एकूण 23,250 झाले, 10,000 रोख दिले, 13,250 वहीत.

इथं एक गोष्ट आधीच कबूल करतो. मी बिल फाडलं नाही. उधारीच्या मालाला चिठ्ठी द्यायची आणि पैसे आले की बिल करायचं, ही आमच्याकडची जुनी खोड. 1983 च्या बियाणे नियंत्रण आदेशाप्रमाणं बिल दिलंच पाहिजे, आणि त्याच्यावर लॉट नंबर, म्हणजे बियाण्याच्या खेपेचा नंबर, असलेला बरा. मला हे पाठ होतं. पण जूनच्या शेवटच्या आठवड्यात दुकानापुढं पन्नास माणसं उभी असताना पाठ असलेलं सगळंच आठवत नाही. निदान मी तरी माझी अशी समजूत घातली होती.

6 जुलै, गुरुवार, बाजाराचा दिवस. सकाळी अकराच्या सुमारास काकाजी पायरी चढले. हातात रिकामी बॅग. आत आले नाहीत. पायरीवरच उभे राहून मोठ्यानं म्हणाले, "बियानं निंघालंच नाही. तीन एकर काळं दिसून राह्यलं. तुह्या बापाच्या काळापासून नेतो ना मी माल, अन् तू मले सडेल बियानं देल्लं?"

पायरीवर पंधरावीस लोक होते. दोघंतिघं नवे, पहिल्यांदाच आलेले. एकानं हातातली बॅग खाली ठेवली. ते मी पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. त्याच लॉटच्या चाळीसेक बॅगा गेल्या होत्या, दुसरी तक्रार नव्हती. म्हणजे मला माझ्या हिशेबानं उत्तर माहीत होतं. मी म्हणालो, "काकाजी, पेरता येत नाही तं बियान्याले कायले दोष देता? बाकीच्याईचं निंघालं ना!"

काकाजी एकदम गप्प झाले. मग हातातली बॅग त्यांनी पायरीवर अंथरली आणि तिच्यावर बसले. बाजार उठेपर्यंत बसून होते. येणारा प्रत्येक जण विचारायचा, काय झालं, आणि ते प्रत्येकाला सांगायचे. त्या दिवशी माझी एकही बॅग गेली नाही.

दुपारनंतर बाकीचे मूर्ख जमा झाले. आधी शेजारचा एक दुकानदार, माझा मित्रच, मागच्या दारानं आला. म्हणाला, "बिल देल्लं का? नाही ना? मंग सांगून दे, आपल्या दुकानातून नेलंच नाही. कागद नाही तं केस नाही." मग एक तरुण पुढारी मोबाइल समोर धरून आला आणि 'बळीराजाची फसवणूक' असं सुरू केलं. कंपनीच्या प्रतिनिधीला मी फोन केला, तर तो म्हणाला, फार्मरला नॉलेज नसतं साहेब, तुम्ही टेन्शन घेऊ नका.

मित्राच्या सल्ल्याबद्दल खरं सांगतो, दोन मिनिटं तो मला पटला होता. नुसतीच बेईमानी असती तर इतका पटला नसता. त्यात शहाणपणाचा वास होता. पण रिकामी बॅग पायरीवर होती, लेबल तिला शिवलेलं होतं, लॉट नंबर लेबलवर होता आणि तोच लॉट माझ्या साठा रजिस्टरमध्ये. गावातल्या चाळीस माणसांनी त्यांना माझ्याकडून माल नेताना पाहिलं होतं. शिवाय बियाणं नेणारा शेतकरी ग्राहक आहे आणि तो ग्राहक न्यायालयात जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्येच स्पष्ट केलं आहे. कागद नाही म्हणून केस नाही, हे मनात म्हणायला बरं.

रात्री जेवताना वडिलांना सांगितलं. ते आता दुकानात बसत नाहीत, पण खबर सगळी असते. त्यांनी एवढंच विचारलं, "तू वावर पाह्यलं का?"

"नाही."

"मंग तुले कसं समजलं, त्याले पेरता येत नाही म्हनून?"

माझ्यापाशी उत्तर नव्हतं. चाळीस बॅगांचा हिशेब होता, पण ती बाकीची वावरं. हे वावर मी पाहिलंच नव्हतं. आणि समजा मी बोललो ते शंभर टक्के खरं असतं, तरी बाजाराच्या दिवशी वीस माणसांसमोर साठीच्या माणसाला ते सांगितल्यावर त्याच्या हातात काय उरतं? मान्य करावं तर गावात तोंड दाखवायला जागा नाही. म्हणून तो बसला. त्याला पायरीवर मीच बसवलं होतं.

संध्याकाळी दुकान बंद करताना एक काम मात्र धडाचं केलं होतं. त्याच लॉटची एक बॅग गोदामात होती. तिच्यातले 100 दाणे मोजले, ओल्या गोणपाटात दहा-दहाच्या ओळीत मांडले, गुंडाळी करून माठाशेजारी ठेवली. असंच 2020 च्या खरिपात राज्यभर सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा पूर आला होता, तेव्हापासून गोणपाटाची ही चाचणी सगळ्यांना माहीत आहे. करत मात्र कोणी नाही. मीही विकण्याआधी केली नव्हती.

7 तारखेला सकाळी दुकान नोकरावर सोडून काकाजींच्या घरी गेलो. माफी कशाची मागायची ते ठरवून गेलो होतो. बोललो त्याची मागायची, बियाण्याची नाही, कारण बियाण्याचं मला अजून माहीतच नव्हतं. घाबरून सगळ्याचीच माफी मागितली की समोरचा म्हणतो, मग भरपाई दे. आणि कशाचीच मागितली नाही तर चहासुद्धा मिळत नाही. मी म्हणालो, "काकाजी, काल पायरीवर मी बोललो ते चुकलं. बियान्याचं काय झालं ते मले ठाऊक नाही. उद्या सकाळी वावर दाखवा."

ते काही बोलले नाहीत. चहा आला. दुकानाच्या लेटरहेडवर एक पत्र लिहून नेलं होतं, ते त्यांच्या हातात दिलं: अमुक तारखेला, अमुक लॉटच्या पाच बॅगा माझ्याकडून नेल्या. म्हणालो, हे तक्रारीला जोडा, पंचायत समितीत कृषी अधिकाऱ्याकडं अर्ज द्या, रिकाम्या बॅगा आणि लेबलं फेकू नका, बॅगेच्या तळाशी दाणे उरले असतील तर तेही ठेवा. पोरगा माझ्या तोंडाकडं पाहतच राहिला. मित्राला हे कळलं तेव्हा तो मला वेडा म्हणाला. तक्रार तर होणारच होती. माझ्या पत्रानिशी झाली तर मी लपवणारा ठरत नव्हतो.

त्या घरात अर्धा तास बसल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. बाप-लेक एकमेकांशी बोलत नव्हते. काकूंनी चहा देताना हळूच सांगितलं, "पेरू नको म्हने बुढा. पोरानं आयकलं नाही." माझ्या पायरीवर आलेलं भांडण आधी या घरात होऊन गेलं होतं. पोराला बोलून काही होत नव्हतं, मग बोलायला दुकानदार राहिला.

8 तारखेला सकाळी सातला वावरात गेलो. मोबाइलवाल्या पुढाऱ्यालाही मीच बोलावलं. तो न बोलावता आला असता तर बाजूला उभा राहून शूटिंग करत बसला असता. मी त्याच्या हातात मोजपट्टी आणि वही दिली. "भाऊ, तू शिकलेला. मोजायचं काम तुह्यं. मी मोजलं तं कोनी मानत नाही." तो खूश झाला आणि मोबाइल खिशात गेला.

वावराचे दोन भाग. नाल्याकडचे दोन एकर भिजके, तिथं ट्रॅक्टर फसतो, म्हणून काकाजींनी स्वतः बैलाच्या तिफनीनं पेरले होते. वरचे तीन एकर पोरानं मित्राच्या ट्रॅक्टरवरच्या पेरणीयंत्रानं पेरून घेतले. पाचही बॅगा एकाच लॉटच्या. खाली हिरव्या तासा, म्हणजे पेरणीच्या ओळी, लांबपर्यंत दिसत होत्या. वर मात्र कुठंतरी एखादं रोप.

आधी खालच्या तुकड्यात एक मीटर तास धरली. पाच सेंटिमीटरवर एक दाणा धरला तर मीटरला वीसेक दाणे पडतात. पुढाऱ्यानं मोजलं, 15 रोपं. दुसऱ्या जागी 14, तिसऱ्या जागी 16. मग वर गेलो. पहिल्या मीटरमध्ये 4, दुसऱ्यात 3, तिसऱ्यात 5.

"उकरा," मी म्हणालो. काकाजी स्वतः खाली बसले आणि बोटांनी माती काढायला लागले. वरची खपली पापडासारखी निघाली. 27 जूनला पेरणी झाली, 30 ला धो-धो पाऊस पडला आणि नंतर कडक ऊन. आमच्या काळ्या मातीवर याची अशी खपली धरते की नखानं उचलता येते. तिच्याखाली बोटं आणखी खोल गेली. दाणे सापडले तेव्हा पुढाऱ्यानं पट्टी लावली, 9 सेंटिमीटर. काही ठिकाणी 10.

सोयाबीन 3 ते 5 सेंटिमीटरवर पेरायचं असतं. ज्वारीचा कोंब सुईसारखा सरळ वर येतो, थोडं खोल गेलं तरी ती वाट काढते. सोयाबीनला आपल्या दोन्ही दाळी डोक्यावर घेऊन, मान वाकवून वर यावं लागतं. खोली दुप्पट झाली आणि वर खपली असली की ती मान मोडते. आम्ही उकरलेल्या एका मीटरात 17 दाणे सापडले. त्यातले 11 मोड आलेले होते. पांढरे, लांब, गोल वळलेले, काही खपलीला टेकून मोडलेले. सहा दाणे कुजलेले, वास मारणारे. अकरा दाणे जिवंत होते, याला आता कोणाचा कागद लागत नव्हता.

वरची माती कोरडी होती, ओल खाली होती. ट्रॅक्टरवाल्यानं ओल लागावी म्हणून फण खाली घेतले. त्याच्या डोक्यानं त्याचंही बरोबर होतं, आणि त्याला पैसे एकरावर मिळतात.

काकाजींच्या तळहातावर तो मोडका मोड होता. ते त्याच्याकडं पाहत होते आणि पोरगा धुऱ्याकडं पाहत होता. दोन दिवसांपूर्वी मी जे ओरडलो होतो ते आता सगळ्यांच्या डोळ्यांपुढं मातीत पडलं होतं. मला ते पुन्हा म्हणायची गरज नव्हती, आणि देवाची शप्पथ, म्हणायची फार इच्छा झाली होती. मी म्हणालो, "30 तारखेच्या पान्यानं घात केला, काकाजी. खपली नसती तं आठ आने तरी निंघालं असतं." हे खोटं नव्हतं. खोली आणि खपली दोन्ही मिळून ते झालं होतं. त्यातलं जे कोणाच्या घरचं नव्हतं ते मी आधी बोललो.

काकाजी उठले, हात झटकले आणि पोराला म्हणाले, "तासा सरळ पडल्या होत्या, तेवढं मात्र खरं." चार दिवसांत बापानं पोराशी काढलेला तो पहिला शब्द होता, असं काकूंनी मागाहून सांगितलं.

कंपनीचा प्रतिनिधी उशिरा आला. पांढरा शर्ट, गाडी रस्त्यावर. चिखल आहे म्हणून धुऱ्यापलीकडं आला नाही आणि तिथूनच म्हणाला, "फार्मरला डेप्थचं नॉलेजच नाही ना." झालं! सगळं निवत आलेलं पुन्हा पेटायला लागलं. पुढाऱ्याचा हात खिशाकडं गेला. मी त्या गृहस्थाला बाजूला घेतलं आणि सांगितलं, साहेब, या लॉटचा उगवण अहवाल सही-शिक्क्यानं मला उद्यापर्यंत पाहिजे, तक्रार निवारण समितीला लागतो. तो लगेच फोनवर लागला आणि गाडीत जाऊन बसला. अशा माणसाला समजावत बसण्यात अर्थ नसतो. त्याला कामाला लावावं आणि ते काम कागदावर मागावं, म्हणजे त्याचं तोंड त्यात गुंततं. तालुक्यातल्या चार दुकानांत मी हे होताना पाहिलं आहे, बहुतेक वेळा चालतं.

11 तारखेला गोणपाट उघडलं. 100 पैकी 74. सोयाबीनची किमान उगवण 70 टक्के धरतात, म्हणजे बियाणं नियमात बसत होतं. पण फार बसत होतं असंही नाही. गोदामात मी थप्पी दहा बॅगांची लावली होती आणि हमालांनी त्या वरून आपटल्या होत्या, हे मला आठवत होतं. सोयाबीनचं टरफल पातळ, आदळआपट झाली की उगवण घटते. कदाचित 80 चे 74 माझ्याच गोदामात झाले असतील. हे मी समितीपुढं बोललो नाही. कोणी विचारलं नाही.

12 तारखेला तालुक्याची तक्रार निवारण समिती आली. कृषी खात्याचे अधिकारी होते, कृषी विज्ञान केंद्राचे शास्त्रज्ञ होते. पंचनामा झाला, नमुना नागपूरच्या बीज परीक्षण प्रयोगशाळेत गेला. पुढाऱ्यानं आपली वही समितीपुढं ठेवली आणि पट्टी कशी लावली ते स्वतः करून दाखवलं. निष्कर्ष आला: जास्त खोली, मातीवरची खपली, बियाण्यात दोष आढळला नाही. भरपाई नाही.

दुबार पेरणीला दिवस मोजकेच उरले होते. मी तीन बॅगा खरेदीच्या भावात दिल्या, 3,000 ची एक, पैसे माल निघाल्यावर. या वेळी पक्कं बिल फाडलं, लॉट नंबरसकट, आणि काकाजींची सही घेतली. बिलावर 'भरपाई' हा शब्द कुठं नव्हता. तसा शब्द आला असता तर दुसऱ्या दिवशी चाळीस बॅगांचे चाळीस मालक पायरीवर आले असते. मित्र-दुकानदार तरीही चिडला, म्हणाला तू भाव पाडतोस. काकाजींनी त्या तीन एकरांतही तिफनच चालवली. पोरगा मागं, बी सोडायच्या चाड्यावर होता.

पुढं ऑगस्ट कोरडा गेला. देशात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट म्हणून नोंदला गेलेला तो. सप्टेंबरात पिवळा मोझॅक रोग आला. एकरी उतारा काही सांगण्यासारखा नव्हता आणि हमीभाव 4,600. तरी दिवाळीनंतर काकाजी आले. वहीत 13,250 आणि बॅगांचे 9,000, मिळून 22,250. त्यांनी नोटा मोजून ठेवल्या, 21,500. मी म्हणालो, "काकाजी, साडेसातशे कमी आहेत."

"माहीत आहे," ते म्हणाले. "ते तुह्या तोंडाचे कापले."

मी वहीत जमा 22,250 लिहिले.

त्या वर्षापासून दुकानात प्रत्येक लॉटची चाचणी विकण्याआधी होते. गोणपाटं मागच्या ओसरीत ओळीनं टांगलेली असतात, थप्पी पाच बॅगांच्या वर जात नाही, आणि उधारी असो की रोख, बिल त्याच दिवशी फाटतं. वही वाढली, रात्री अर्धा तास जास्त जातो. नोकर कुरकुरतो.

2024 च्या मे महिन्यात, पुन्हा बाजाराच्याच दिवशी, काकाजी घरचं बियाणं पिशवीत घेऊन आले. पायरीवर पाचसात जण होते. त्यांनी पिशवी गल्ल्यावर ओतली. "मांगच्या साली तू मोजलं, औंदा मी मोजतो." चष्मा काढून, पुन्हा घालून, दाणे दोन-दोनच्या जोडीनं सरकवत त्यांनी मोजले. वेळ लागला. लोक थांबले. "शंभर," ते म्हणाले, मोठ्यानं.

गोणपाटावर मांडताना मी मनातल्या मनात पुन्हा मोजले. अठ्ठ्याण्णव निघाले. पिशवीतले दोन दाणे मी हळूच ओळीत सरकवले आणि गुंडाळीवर त्यांच्या नावाची चिठ्ठी लावली.